साडेअठरा

माझ्या थोरल्या बहिणीला जन्मभर दोनच गोष्टींची धास्ती. एक गणित, आणि दुसरी कुणाला फोन करून काही विचारणं. त्यामुळे निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली असताना तिने सूर्य कधी मावळतो याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायला घेतलं, तेव्हा मला वाटलं, भाऊजींपाठोपाठ हिचंही डोकं कामातून गेलं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "तू तुझ्या कात्रीकडे बघ." माझं बाजारात शिवणकामाचं दुकान आहे आणि कात्रीपलीकडे मला फारसं कळत नाही, हे खरंच आहे. पण न कळणाऱ्या गोष्टीवर बोलायचं नाही असं ठरवलं, तर आमच्या घरात कुणी तोंडच उघडायला नको.

ताई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोंदणीच्या खिडकीवर बसते. लॅब तळघरात. वर ऊन आहे की आभाळ भरून आलंय, ते आत येणाऱ्या माणसांच्या कपड्यांवरून ओळखायचं. आलेल्या माणसाचं नाव टाइप करायचं, छापून आलेली चिठ्ठी नळीवर चिकटवायची आणि नळी आत सरकवायची, हे तिचं काम. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकाची नळी दुसऱ्याच्या नावावर गेली नाही. बोलणं मात्र कडक. "उपाशी आलात ना?" असं ती विचारते, आणि समोरचा म्हणाला की फक्त चहा घेतलाय, तर ती त्याच्याकडे अशी बघते की तो आपणहून दुसऱ्या दिवशी येतो.

भाऊजी नगरपालिकेत लाइनमन होते. रस्त्यावरचे दिवे तेव्हा आपोआप लागत नसत. एकेका भागाच्या दिव्यांसाठी खांबावर एक लोखंडी पेटी असायची, आत खटका. भाऊजी संध्याकाळी सायकल काढायचे आणि आपल्या वाट्याच्या पाच पेट्यांचे खटके ओढून परत यायचे. ते घड्याळ बघायचे नाहीत. गॅलरीच्या भिंतीवरून उन्हाचा शेवटचा पट्टा गेला की ते उठायचे, मग समोर जेवणाचं ताट असो की पाहुणा. पुढे सगळे दिवे आपोआप लागायला लागले, भाऊजी निवृत्त झाले, आणि मग हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग ताईचं नाव. माझं नाव त्यांना तसंही कधी धड आठवत नसे, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

सगळं विसरले, पण संध्याकाळ विसरले नाहीत. दिवसभर रेडिओ ऐकत शहाण्यासारखे बसायचे, आणि भिंतीवरचं ऊन गेलं की पायात चपला घालून निघायचे. कुठे, तर दिवे लावायला. ताई घरात असली तर प्रश्न नव्हता. ती म्हणायची, "अहो, आज सुट्टी आहे तुम्हाला," आणि ते लगेच बसायचे. तिचं नाव आठवत नसलं तरी तिचं ऐकायचे. ती नसली की मात्र जायचे. एकदा बाहेरून कुलूप लावून बघितलं, तर दार बडवून बडवून हात सोलून घेतले. दिवसा सांभाळायला एक बाई होत्या, पण त्या पाच वाजता दुसऱ्या घरी स्वयंपाकाला जात. एका संध्याकाळी भाऊजी पार हमरस्त्यावर ट्रकच्या रांगेत उभे सापडले. तेव्हा माझी भाची, म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, परगावाहून धावत आली. ती कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत आहे. शांतपणे बोलते, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. ती म्हणाली, आता आणखी एकदा जरी बाबा असे रस्त्यावर सापडले, तर मी त्यांना अशा रुग्णांच्या संस्थेत ठेवणार. तुझी नोकरी आहे, मावशीचं दुकान आहे, हे कुणाला झेपणारं नाही.  त्या दिवसापासून ताईचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला, ऊन जायच्या आत घरी पोचण्यात.

हे ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी, की लॅबमध्ये संध्याकाळीच गर्दी होते, आणि तिथल्या मॅनेजरला वेळापत्रकाशिवाय श्वास घेता येत नाही. सगळे त्याला मागून वेळापत्रकच म्हणतात. ताईने त्याला सांगितलं की मला रोज सूर्य मावळायच्या आधी निघू द्या. तो म्हणाला, जरूर निघा, पण रोज वेगळी वेळ म्हणजे मला तुमच्या जागी कुणालातरी बसवावं लागणार, तर महिनाभराच्या वेळा आधी लेखी द्या. मी म्हटलं, मोबाइलमध्ये बघ ना, दाखवतो तो. तिने बघितलं. मोबाइल पुढच्या चार-आठ दिवसांचंच दाखवत होता, आणि तेही शेजारच्या मोठ्या शहराचं. ताई म्हणाली, मला माझ्या घराचा सूर्य पाहिजे. आता सूर्य काय घरोघरी वेगळा असतो? पण हिला कोण सांगणार.

मुलीला एक फोन केला असता तर काम झालं असतं. ते तिने केलं नाही. लॅबच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत तिने पायथन शिकायला घेतलं. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आहे, हे मला नंतर कळलं. आधी मी सरळ विचारलं होतं की अजगराचा आणि सूर्याचा संबंध काय. ती फुकटचे धडे बघायची, डबा तसाच, आणि जे समजेल ते संध्याकाळी मला फोनवर सांगायची, बहुधा ते खरंच समजलंय का हे स्वतःला ऐकवायला. गावाचा अक्षांश घ्यायचा, वर्षातला कितवा दिवस ते घ्यायचं, त्यावरून सूर्य किती कललाय ते काढायचं, मग त्याचा कोन, मग कोनाचे तास. मी हो हो करत काजं करायची. सगळं डोक्यावरून जायचं.

पहिल्यांदा तिने आकडे काढले, तेव्हा आमच्या गावचा दिवस काही मिनिटांचाच निघाला. सूर्य उगवतो आणि चहा गाळून होईपर्यंत मावळतो. थंडीतल्या काही तारखांना तर कॉम्प्युटरने हातच वर केले, म्हणाला हे शक्य नाही. ताई दोन दिवस जेवली नाही धड. मग तिला सापडलं की त्या सूत्राला कोन अंशांत द्यायचा नसतो, त्याचं माप वेगळं असतं, रेडियन की काय. ही आपली अंश देत होती.

"म्हणजे इंचात माप घेतलंस आणि कापताना सेंटिमीटरची बाजू बघितलीस," मी म्हटलं.

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. कित्येक महिन्यांनी हसली होती. मला त्या रेडियनबद्दल प्रेमच वाटायला लागलं.

जानेवारीच्या आरंभी तिची पहिली यादी तयार झाली. 18.08, 18.09 असे आकडे. अठरा म्हणजे संध्याकाळचे सहा, एवढं मलाही माहीत होतं, आणि टिंबाच्या पुढची मिनिटं. रेल्वेच्या वेळापत्रकात तसंच छापतात. मध्येच कुठे 18.1 असं यायचं. ताई म्हणाली, मशीन शेवटचं शून्य खातंय, आणि तिने पेनने शून्य भरलं. सुवाच्य अक्षरात पक्की यादी करून एक प्रत मॅनेजरला दिली आणि एक घरी फ्रिजवर लावली. मॅनेजरने ती दोनदा वाचली आणि तिच्याकडे पहिल्यांदा माणसासारखं बघितलं.

आणि जमलं की. यादीतल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी ताई घरात हजर. भिंतीवरचं ऊन जायचं, भाऊजी उठायचे, ती म्हणायची आज सुट्टी आहे, ते बसायचे. मी त्या दिवसांत एकदा गेले होते. दोघं गॅलरीत बसली होती, ताई फ्रिजवरच्या यादीकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत होती, आणि ऊन गेलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, जसं काही हिनेच ते वेळेवर पाठवून दिलं.

जानेवारी सरता सरता मात्र काहीतरी बिनसलं. ताई वेळेवर पोचली आणि भाऊजी जिन्यात भेटले. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी. एकदा वाण्याने त्यांना बसवून ठेवलं होतं. आम्हाला कळेना. यादीप्रमाणे सूर्य मावळायला अजून वेळ होता, बाहेर चांगला उजेड होता, दुकानांचे दिवेसुद्धा लागले नव्हते, मग हे आधीच का उठताहेत? ताई तळघरातून निघायची आणि उंच इमारतींच्या गल्ल्यांतून घरी यायची, वाटेत सूर्य असा दिसायचाच नाही. उजेड दिसायचा, आणि उजेड तर मावळल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. तिने यादी पुन्हा तपासली. प्रोग्राम ओळ न ओळ तपासला. चूक नव्हती. गणित बरोबर असेल तर चुकतंय ते माणूस, असं आम्ही धरून चाललो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजार पुढे सरकला की असं होतं, वेळेचं भान आणखी सुटतं, ते आणखी लवकर अस्वस्थ व्हायला लागतील. आणि अगदी तसंच झालं. फेब्रुवारीत ते आणखी लवकर जायला लागले. ताईने मॅनेजरकडे आणखी थोडा वेळ मागितला, तो म्हणाला, तुमच्याच यादीत जी वेळ आहे ती मी देतोय. मी दोन-चारदा दुकान बंद करून जाऊन बसले. जाताना भाऊजी मला म्हणायचे, सोडा, उशीर झालाय. मी फ्रिजवरची यादी बघून म्हणायची, कसला उशीर, अजून ढीगभर वेळ आहे. ते माझ्याकडे गोंधळून बघायचे आणि मी त्यांच्याकडे. दोघांपैकी वेडं कोण ते तिसऱ्याला सांगता आलं नसतं.

मग एका संध्याकाळी ताई पोचली तेव्हा ते घरात नव्हते, जिन्यात नव्हते, वाण्याकडे नव्हते. चौकात एका मोटारसायकलने त्यांना उडवलं होतं. सुदैवाने कोपर आणि गुडघा सोलण्यावर भागलं. भाची त्याच आठवड्यात आली आणि तिने आठवण करून दिली की काय ठरलं होतं. ताईने वाद घातला नाही. माझ्यासमोर फक्त एवढं म्हणाली, "मी वेळेत पोचत होते गं. ते थांबायचे बंद झाले." तिचे डोळे कोरडे होते. मला मात्र रडू आवरेना, आणि त्याचा मला रागही आला, कारण रडायचा हक्क तिचा होता.

संस्था चांगली होती, नाव ठेवायला जागा नाही. स्वच्छ, पांढरी, नर्स गोड बोलणारी. खिडक्यांना जाड पडदे आणि दिवसभर ट्यूबलाइट. नर्स म्हणाली, संध्याकाळ झाल्याचं कळलं की इथली बरीच मंडळी बिथरतात, म्हणून आम्ही ती कळूच देत नाही. भाऊजी पलंगावर शांत बसले होते. भाची म्हणाली, बघ, किती निवांत आहेत. निवांत होते खरे.

मार्च लागायच्या आदल्या दिवशी ताई भर दुपारी माझ्या दुकानात आली. लॅब सोडून आली म्हणजे काहीतरी आक्रीत. मॅनेजरने यादी मागितली नव्हती, आता गरजच नव्हती, पण महिना संपला म्हणून हिने सवयीने पुढच्या महिन्याची छापली होती. आणि तिच्यात भलतंच काहीतरी आलं होतं.

"बघ," ती म्हणाली. "सहा वाजून साठ मिनिटं. त्याच्या पुढे एकसष्ट. मग बासष्ट. असं असतं का कधी?"

मला वाटलं, ताण पडलाय हिच्यावर. मी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ती म्हणत होती की मशीन बिघडलंय, पण मग आधीचंही बिघडलेलं होतं का, म्हणून तिने फेब्रुवारीची यादीही पुन्हा छापून आणली होती, कच्ची, शून्य न भरलेली. तिच्या समाधानासाठी मी ती हातात घेतली. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला आणि बोट फिरवत वाचायला लागले. मला यादी वाचायची एकच रीत माहीत आहे, कापडाच्या गठ्ठ्यावरची.

"अठरा अठ्ठेचाळीस, अठरा एकोणपन्नास, साडेअठरा..."

"काय म्हणालीस?"

"कुठे काय?"

"आत्ता. शेवटचं."

"साडेअठरा. हे बघ ना, अठरा टिंब पाच. साडेअठरा मीटर."

"पन्नास आहे ते. शून्य खाल्लंय."

"कुणी खाल्लं नाही. टिंब पाच म्हणजे साडे. सगळ्या बाजारात साडेच म्हणतात."

ताईने कागद माझ्या हातातून घेतला. तिचे ओठ हलत होते. साडे म्हणजे अर्धा. अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं. म्हणजे सहा पन्नास नव्हे, साडेसहा. टिंबाच्या पुढे मिनिटं नव्हतीच, तासाचा हिस्सा होता. जानेवारीच्या आरंभी तो हिस्सा इतका लहान होता, की कसंही वाचलं तरी दोन-तीन मिनिटांचाच फरक पडायचा. आकडा वाढत गेला तसा फरकही वाढत गेला. ज्या संध्याकाळी भाऊजींना मोटारसायकल लागली, त्या तारखेवर तिचं बोट येऊन थांबलं. ऊन साडेसहाला गेलं होतं. ही घरात शिरली होती सहा चाळीसला. दहा मिनिटं आधी आलो, अशा समाधानात.

म्हणजे भाऊजी रोज त्यांच्या वेळेवरच उठत होते. आजार पुढे सरकला, भान सुटलं, अस्वस्थपणा वाढला, हे सगळं आम्ही तिघी आणि एक डॉक्टर मिळून एका टिंबावरून ठरवलं होतं. माझं डोकं बधिर झालं. कुणावर चिडावं तेच कळेना, ताईवर, त्या अजगरावर, की रेल्वेच्या वेळापत्रकावर.

ताईने तिथूनच मुलीला फोन लावला. ती कुणाला फोन लावते हेच मला नवीन होतं.

"ते बिघडले नव्हते," ती म्हणाली. "मी उशिरा जात होते."

 मग ताईने तिला आकडे सांगितले. पोरीला एका वाक्यात समजलं असणार, तिचा तो धंदाच आहे. ती म्हणाली, आई, मला विचारायचंस ना, मी तेव्हाच सांगितलं असतं. ताई म्हणाली, तुला विचारलं असतं तर तू गणित सोडून बाबांवर आली असतीस. पुढे भाची बरंच बोलत राहिली, की वेळ चुकली हे खरं, पण त्यांना तुझं नाव आठवत नाही हेही खरंच आहे, आज ना उद्या ही वेळ येणारच होती. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग उद्या येऊ दे. मी त्यांना घरी आणतेय." भाची रविवारी आली आणि तिनेच गाडी चालवून त्यांना घरी आणलं. तोंड उतरलेलं होतं तिचं. 

नवी यादी ताईने पुन्हा लिहिली होती, या वेळी तास वेगळे, मिनिटं वेगळी, आणि मुलीने ती तपासली होती. सोमवारी मीही लवकर दुकान बंद करून गेले. मला ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. ताई वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसली होती. भाऊजी गॅलरीत खुर्चीवर, मांडीवर हात. ऊन भिंतीवरून सरकत सरकत वर गेलं, पट्टा बारीक झाला, आणि यादीत लिहिलेल्या मिनिटाला गेला. इतकं बरोबर, की माझ्या अंगावर काटा आला.

भाऊजी उठले नाहीत.

आम्ही थांबलो. ताई खुर्चीच्या कडेवर आली होती, "आज सुट्टी आहे" हे तिच्या ओठांवर तयार होतं. भाऊजी भिंतीकडे बघत होते, पण ती नुसती भिंत असल्यासारखे. उजेड कमी कमी होत गेला. रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. थोड्या वेळाने त्यांचं लक्ष ताईकडे गेलं.

"कुणाची वाट बघताय तुम्ही?" त्यांनी विचारलं. अगदी सभ्यपणे, रांगेत शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारावं तसं.

आमच्या मनासारखं झालं होतं ना? याच्यासाठीच तर सगळी धडपड होती, की त्यांनी उठू नये, जाऊ नये. मग ताई अशी पांढरीफटक का पडली? ती उठली, दारातून त्यांच्या चपला घेऊन आली आणि त्यांच्या पायांशी ठेवल्या.

"चला," ती म्हणाली. "दिवे लावायचेत."

"कुठले?"

 वाकून तिने त्यांच्या पायांत चपला सरकवल्या, एक एक करून, आणि हात धरून उठवलं. ते उठले. त्यांनी कशालाच नकार दिला नाही. मी गॅलरीतून वाकून बघत होते. दोघं फाटकातून बाहेर पडली, वाण्याच्या दुकानावरून गेली आणि पहिल्या कोपऱ्यावर थांबली. भाऊजी तिच्याकडे बघत उभे राहिले, आता कुठे वळायचं ते ती सांगेल म्हणून. आणि ताईला ते माहीत नव्हतं. संसाराच्या इतक्या वर्षांत ती एकदाही त्यांच्याबरोबर दिवे लावायला गेली नव्हती. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग ती डावीकडे वळली, आणि ते तिच्या मागून गेले.